गिरणीच्या थांब्याचं अपडेट

रा. रा. मेहुणेसाहेब यांस,

दाजींचा सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे जिवंत आहोत, त्यापलीकडे खुशाली म्हणावी असं काही नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? तुमच्या ताईचं बरं आहे (माझ्याशी बोलत नाही, पण जेवते व्यवस्थित). पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता आणि ही हकिकत मध्येच तोडण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय.

तुम्हाला ठाऊकच आहे की बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालो आणि आता कॉम्प्युटरवर बस चालवतो. तुमची भाची नोकरीसाठी सातासमुद्रापार गेली तेव्हा तिनेच हा खेळ लावून दिला होता. दर रविवारी दुपारी आम्ही आपापल्या जागी बसून एकाच रस्त्यावर बस काढायचो, ती पुढे, मी मागे, आणि तासभर गप्पा. (एरवी फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही.) मूळ खेळात कुठले तरी परके रस्ते आहेत. पण पोरीने महिनाभर खपून मॉड बनवला. मॉड म्हणजे खेळाला बाहेरून जोडलेलं ठिगळ. त्या ठिगळात माझा चौदा नंबरचा मार्ग जसाच्या तसा आहे: डेपोचं वाकडं फाटक, गिरणीचा थांबा, दवाखान्यासमोरचा खड्डासुद्धा (तो मी नोकरीभर चुकवला, अजूनही चुकवतोच आहे).

तर पाच आठवड्यांपूर्वी खेळ म्हणाला, मॉडचं नवं व्हर्जन आलंय, अपडेट करा, नाहीतर दोघांना एकत्र खेळता येणार नाही. मी तत्परतेने बटण दाबलं. उत्तर आलं, ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ थोडा वेळ म्हणजे किती? आमच्या डेपोत असा बोर्ड लावला असता तर प्रवाशांनी कंट्रोलरला सोलून काढला असता. राऊटर बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला. इंटरनेटवाला आला, वायर हलवून म्हणाला, दोष खेळाचा. खेळवाल्यांना लिहिलं, ते म्हणाले, दोष इंटरनेटचा. मग अँटीव्हायरस बंद केला, फायरवॉल बंद केली. शेवटी कुणा अनोळखी विद्वानाचा सल्ला वाचला, की सगळे मॉड उडवा आणि नव्याने घ्या. उडवणं एका फटक्यात जमलं. घेणं काही होईना. म्हणजे आता जुना चौदा नंबरही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी वायरीला हातसुद्धा लावला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बघून म्हणाल्या, ‘काका, घड्याळ साडेपाच तास मागे कसं?’ मी म्हटलं, मीच केलंय. मुलीच्या गावची वेळ आहे ती. पोर झोपली असेल, कामावर गेली असेल, घरी परतली असेल, मान वर केली की कळतं. बाई हसल्या नाहीत (हसल्या असत्या तर बरं झालं असतं). त्यांनी समजावलं, तिकडचा सर्व्हर आपली आणि या कॉम्प्युटरची वेळ ताडून बघतो, जुळली नाही की दार लावून घेतो. घड्याळ सरळ केलं आणि दोन मिनिटांत मॉड उतरला!

अपडेटमध्ये काय बदललं याची यादी असते. यादीत एकच ओळ होती: गिरणीचा थांबा काढला. मी डेपोतून एकटाच निघालो. गिरणीपाशी सवयीने ब्रेक दाबला. ना पाटी, ना बाक. पुढे तिची बस नाही. इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिलो. फार वाईट वाटलं हो, लपवत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
दाजी

ता.क. – थांबा का काढला, हे तुम्ही विचारणारच. त्याआधीच्या रविवारी ती गिरणीपाशी थांबलीच नाही. थांब्यावर एक म्हातारा-म्हातारी उभी होती (चित्रातली). मी बोलून गेलो, ‘म्हाताऱ्यांना मागे टाकून पुढे जायची तुला सवयच आहे.’ तिने बस कडेला घेतली आणि खेळातून निघून गेली. तुमच्या ताईने हे दारातून ऐकलं.

ता.क. दुसरा – ती तुम्हाला दर आठवड्याला फोन करते, हे मला कळलंय. तिला सांगा, बाबा रुसला नव्हता, कनेक्शनच लागत नव्हतं, दुरुस्तीवाल्या बाई साक्षीला आहेत. थांबा परत लावू नकोस म्हणावं. मी तिथे न थांबता येईन. फक्त रविवारी ये.

ता.क. तिसरा – पहिले तीन आठवडे मी बटण दाबलंच नव्हतं. तिचा फोन येईना, म्हणून घड्याळ मागे केलं ते त्याच दिवसांत. एरर आली ती शेवटच्या दोन आठवड्यांत. तिला मात्र पाचही आठवडे एररच होती, असं सांगा.