चिंच, राख आणि विमानाची तबकडी

मु. खरवई, बदलापूर

आदरणीय नणंदबाई अंजनीबाई यांना भावजय गयाबाईचा मनापासून जय भीम.

इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. ते वेगळं बिऱ्हाड केल्यासारखे वागतात. तुमचा दमा कसा आहे? शेळी व्याली का? पत्र कशाला, म्हणाल. तर फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण होतं आणि तिसऱ्या मिनिटाला तुमच्या वाडीतली रेंज जाते (ती दर वेळी बरोबर माझ्याच बोलण्यात कशी जाते, ते मी विचारत नाही). पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं. सांगते मी, लिहिते मीना. सून माझी गुणाची आहे (हे तिने लिहिलंय ना, ते तुमच्या नितीनकडून नीट वाचून घ्या). हल्ली मला झोप नाही, म्हणून सकाळी तिचा चहासुद्धा मीच करून तिच्या हातात देते. यात दुसरं काही कारण नाही.

तर माझ्या महेंद्रचं काम तुम्हाला ठाऊक आहे. आनंदनगरच्या गाळ्यात तो कंपन्यांच्या वाफेच्या मीटरांवर बसणाऱ्या तबकड्या छापतो. त्याच्याकडे मागच्या महिन्यात एक म्हातारे कॅप्टनसाहेब आले. वय चौऱ्याऐंशी, पाठ माझ्यापेक्षा सरळ. त्यांनी पुण्याकडे एका शेडमध्ये दोन माणसांचं जुनं विमान जपून ठेवलंय, त्यांच्याहून दोन वर्षांनी थोरलं. पंख झाले, चाकं झाली, बसायच्या गाद्यासुद्धा जुन्यासारख्या शिवून झाल्या. पण आपण किती उंच गेलो ते दाखवणाऱ्या मीटरची तबकडी कुठल्या काळात कुणी नेली कोण जाणे. पुढ्यात दात पडल्यासारखं भोक. त्यांना स्वतःला विमान चालवायचं नाही, ते नातू चालवील. त्यांना फक्त मागे बसून तो काटा वर चढताना पाहायचाय, आणि तोही तरुणपणी पाहिला तसल्याच तबकडीवर. डावा डोळा गेलाय, उजव्याचा भरवसा डॉक्टरांनी मे महिन्यापर्यंतच दिलाय. म्हणून घाई.

साहेबांनी विमानाचा जुना, पुसट फोटो दाखवला आणि आमचा महेंद्र गाळ्यातच ओरडला की हे तर आमच्या तिखटाच्या डब्याचं झाकण! तुमचे आबा विमानाच्या शाळेत शेड झाडायला होते, मोडीतून दोन तबकड्या घरी आणल्या होत्या, आठवतं ना? एक माझ्या डब्यावर. (दुसरीचं पुढे बोलू. मला घाई नाही, चाळीस वर्षं थांबलेय.) साहेबांना इतका आनंद झाला की म्हणाले, रविवारी स्वतः घरी येऊन बघतो, मग तुम्ही तिच्यावरून नवी बनवा.

रविवारी साहेब आले. मी तबकडी स्टीलच्या ताटात, खाली रुमाल घालून पुढे केली. सोन्यासारखी झळकत होती. पण कोरी! एक आकडा नाही, एक रेघ नाही. साहेबांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, “फारच स्वच्छ आहे.” मोठा माणूस. आता आकडे कशाने गेले कोण सांगणार? जुना रंग, पापुद्रे, दमट हवा. महेंद्रने मात्र मीनाकडे बघितलं, कारण आमच्याकडे पितळ ती घासते. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नाही. जेवताना मीठसुद्धा माझ्याकडे मागतो. मी त्याला समजावलं, जाऊ दे रे, पोरीने चांगल्या मनाने केलं असेल. (मीना, लिही. पेन का थांबलं?)

महेंद्रने डब्यावरच्या तबकडीचा आधी फोटो काढला होता एकच, त्यातही मधोमध बल्बचा उजेड. म्हणून आम्ही उल्हासनगरला भंगारवाल्यांकडे गेलो. मीही गेले, मला घरात बसवेना. एका सिंधी शेठने चहा मागवला आणि विचारलं, “अम्मा, ओरिजनल चाहिए या ओरिजनल जैसा?” म्हटलं, ओरिजनल. तर त्याने रिक्षाचं मीटर काढलं, मग वजनकाट्याचं तोंड, मग कुणाच्या तरी भिंतीवरचं घड्याळ. शेवटी म्हणाला, “सँपल लाओ, ऐसी सौ बना देंगे.” सँपल! मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग महेंद्रने त्या फोटोवरूनच अंदाजाने एक छापली. साहेबांनी भिंग लावलं आणि म्हणाले, माझ्या विमानातल्या सहाला पोट सुटलेलं नव्हतं. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटतं. रोज संध्याकाळी फोन करतात, “मिळाली का?” महेंद्र “बघतोय” म्हणतो आणि फोन ठेवतो.

बाकी सर्व क्षेम. नितीनला म्हणावं, कामावरून सुटल्यावर इकडे येऊन जेवून जात जा.

तुमची भावजय,
गयाबाई (अंगठा माझाच आहे, पिवळा दिसतो तो हळदीने)

ता. क. : तुमच्या चुलीमागे भिंतीला ठोकलेली ती दुसरी तबकडी नितीनच्या हाती पाठवा. ती तुम्ही लग्नात न विचारता नेली, असं मी चाळीस वर्षं गावभर सांगितलं. आज लेखी देते की ती आबांनी तुम्हालाच दिली होती, मी दाराआडून ऐकलं होतं.

आणखी ता. क. : घासली मीच. शनिवारी, चिंच, राख आणि तारेची घासणी घेऊन. पाहुणा येणार आणि वस्तू काळीकुट्ट, काठाला मात्र पितळ लकाकतंय, मला राहवेना. पांढरं काही होतं खरं. पण मला अक्षर येत नाही, बाई. मला आकडा काय आणि चुन्याचा डाग काय, सारखाच. आणि नव्या नवरीला तोंड दिसेपर्यंत पितळ घासायला शिकवलं कुणी? तुम्हीच. म्हणजे अर्धा दोष तिकडचा. (मीना उठून आत गेली होती. आली परत, पेन उचललं.) तुमची तबकडी आली की महेंद्रला मी स्वतः सांगेन.

शेवटचं : तिला हात लावू नका. काजळी असू द्या, जाळं असेल तर कोळ्यासकट पाठवा. मला ठाऊक आहे, तुम्ही माझ्याहून स्वच्छ आहात. हे मी पुन्हा म्हणणार नाही.

आत्याबाई, एवढं मी माझ्या मनाने लिहिते. सासूबाई समोरच बसल्यात, त्यांना वाटतंय मी पत्ता लिहितेय. मला शनिवारीच कळलं होतं, घासणी काळी झाली होती. तबकडी उद्याच पाठवा, साहेब वाट बघतायत. पण नितीनभाऊंना सांगा, घरी न येता ती थेट गाळ्यावर ह्यांच्या हातात द्यावी, आणि आल्याचं सासूबाईंना आठवडाभर कळू देऊ नये. त्या चहा फार छान करतात. आलं घालून.
— मीना