इंगळावरचा पहिला पाय

शके १८६३, कार्तिक वद्य ३
आज निश्चय. डॉक्टरकडे पुन्हा जायचे नाही. हिंगोलीला त्याने लघवीत निळे औषध घालून तापवले, विटकरी रंग आला म्हणून तोंड पाडले. म्हणे साखर. म्हणे डावा तळपाय बधिर झालाय, अनवाणी फिरू नका. चंपाषष्ठीला खंडोबापुढच्या इंगळावर पहिला पाय आमच्या घराचा. तो काय बूट घालून टाकू?

कार्तिक वद्य ९
गूळ कडकडीत बंद. चहातला धरलेला नाही. बायको नर्मदाबाई म्हणते, मोरीत मुंग्या येऊन राहिल्या. मुंग्या काय, कुठेही जातात.

कार्तिक अमावास्या
चुलतभाऊ व्यंकटराव आला. "दादा, पायाची तकलीफ असंल तर यंदा मी म्होरं होतो." बघा, मानावर डोळा! हाकलला.

मार्गशीर्ष शुद्ध ६, संध्याकाळ
जिंकलो! लाल इंगळावरून चालत गेलो, चटका म्हणून नाही. मध्ये थांबून भंडारासुद्धा उधळला. मागून व्यंकटराव बोंबलत, उड्या मारत आला. पुण्याई पुण्याई म्हणतात ती हीच. डॉक्टरने यायला हवे होते.

शुद्ध ८
डाव्या तळव्याला फोड. व्यंकटराव तूप लावून कण्हतोय. मी कापसाचे रान फिरून आलो.

शुद्ध १४
व्यंकटरावाचे फोड सुकले. माझा फुटून खड्डा पडला. दुखत नाही, म्हणजे वरवरचा. वर बिब्बा घातला.

वद्य ५
घरात मेलेल्या उंदराचा वास. सगळ्या कणग्या हलवायला लावल्या. नर्मदाबाई हलेना, रडायलाच लागली. "उंदीर न्हवं त्यो. तुमचा पाय हाय." खूप ओरडलो. मग आरसा मागवून तळवा पाहिला. भ्यालो. इथे लिहायला हरकत नाही.

वद्य ७, हिंगोली
व्यंकटरावानेच उचलून गाडीत घातले. डॉक्टरला बजावले, पाय माझा आहे, काय करायचे ते मी ठरवीन. तो म्हणाला, ठरवा, पण आजच. गुडघ्याखालून.

पौष शुद्ध ११
घरी. निश्चय: पुढच्या चंपाषष्ठीला उजव्या पायाने लंगडी घालीन, मान सोडणार नाही. व्यंकटराव म्हणाला, "दादा, मी पाठीवर नेतो की."

पौष शुद्ध १२, सकाळ
आज डाव्या तळव्याला चटका बसला. अगदी इंगळाचा. ओरडलो. नर्मदाबाई तुपाची वाटी घेऊन धावत आली आणि लावायचे कुठे म्हणून उभीच राहिली.