बिनधोक जागेची उमेदवारी

मुक्काम कोरेगाव,
ता. १९ डिसेंबर १९४९

प्रिय हंबीरराव यांस,

मानसिंगचा सप्रेम रामराम. जबलपूरहून पाठवलेले तुमचे पत्र पोचले. येथे सर्वांची प्रकृती ठीक आहे. तुमच्या मातोश्रींचा गुडघा थंडीने धरतो, पण आवाज पूर्वीइतकाच खणखणीत आहे. गुऱ्हाळ सुरू झाले असून यंदा गुळाला रंग चांगला आला आहे. मी आठवडाभर तुमच्याच घरी आहे आणि हे पत्र तुमच्याच सोप्यात बसून लिहीत आहे. लीला माझी धाकटी बहीण असली, तरी या घरात ती मालकीण आणि मी पाहुणा, हे तिने मला आल्या दिवशीच समजावून दिले.

पेन्शनीवर आल्यानंतर, नव्या घटनेनुसार होणाऱ्या पहिल्या निवडणुकीत दिल्लीच्या पार्लमेंटसाठी उभे राहण्याचा तुमचा मानस आहे, आणि त्याकरिता आपल्या भागातील निवडणुकांचा पूर्वेतिहास व पुढील अंदाज तुम्ही मागितला आहे. मतदारसंघाच्या सीमा अजून ठरायच्या आहेत. परंतु त्या कशाही आखल्या तरी जागा आपल्या पक्षाला बिनधोक आहे, याविषयी मला शंका नाही. तुम्ही लिहिता, "आपल्याकडे पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येतो." हे विधान निकाल म्हणून बरोबर आहे, कारण म्हणून चुकीचे आहे. नफा दिसला की तो कशातून झाला हे आधी पाहावे, एवढे तरी मी कॉमर्सच्या पदवीसाठी मुंबईत शिकलो.

कारण सांगतो. १९३७ साली सरसकट सर्वांना मत नव्हते. शेतसारा भरणारे, शिकलेले आणि पेन्शनर शिपाई यांना होते, व त्यांच्यामुळे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बायकांनाही होते. आपला मुलूख पलटणीत भरती होणारा, त्यामुळे यादीत बायकांची नावे पुष्कळ. मी शाळेतल्या केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी होतो. सकाळी बायका गाड्या जुंपून आल्या आणि मत न देताच परतू लागल्या. ओळख पटवण्यासाठी अधिकारी नवऱ्याचे नाव विचारी, आणि नवऱ्याचे नाव घेणार कोण? सुभेदारांच्या बनुबाईंनी त्याला सांगितले, "तुमच्या कागदावर हाय न्हवं? मग तुमीच वाचा की." अधिकारी सभ्य होता, पण नियमाचा पक्का. मी दोन अर्ज लिहिले, उपयोग शून्य.

लीलाने अर्ज लिहिला नाही. तिने शाळेच्या फाटकाशी उभे राहून बायकांच्या जोड्या लावल्या. बनुबाईंच्या मालकाचे नाव रंगूबाईंनी सांगायचे, रंगूबाईंच्या मालकाचे बनुबाईंनी. जिचे असेल तिने मान डोलवायची. अधिकाऱ्याने क्षणभर विचार केला आणि ते चालवून घेतले. संध्याकाळी शेवटी लीला एकटी उरली. तिला जोडीदारीण नव्हती. तिने पदर सावरला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात तुमचे नाव घेतले, वडिलांच्या नावासह, आडनावासह. तुम्ही तेव्हा सरहद्दीवर होता. हे तुम्हाला आजवर कोणी कळवले नसावे.

१९४६ साली तुम्ही ब्रह्मदेशातून परतला नव्हता. तेव्हा आपले उमेदवार प्रचाराला एकदाच आले, तेही घसा बसलेल्या अवस्थेत. बायका मात्र दुपारच्या आत मते देऊन गुऱ्हाळावर परतल्या होत्या. जागा बिनधोक झाली ती अशी.

आता पुढील अंदाज. यापुढे एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत आहे, म्हणजे निम्मे मतदार बायकाच. तलाठी याद्या करीत हिंडत आहेत आणि बायका उंबऱ्यातून 'अर्जुनाची आई' एवढेच सांगतात. अशी नावे यादीतून गळतील. म्हणून लीला गावोगाव तलाठ्याच्या शेजारी जाऊन बसते. मागील महिन्यात पूर्वेकडच्या माळावर मेंढरांच्या वाड्यापर्यंत गेली. सोबतीला मी मुद्दाम आलो होतो. बयाबाई नावाच्या म्हाताऱ्या धनगरणीने तिला विचारले, "नाव लिवून माझी मेंढरं वाढत्यात व्हय गं?"

लीला म्हणाली, "न्हाई वाढत. पर चराईचा कायदा करणारा तुमास्नी इचारल्याबिगर सही करायचा न्हाई."

बयाबाईंनी नाव दिले, सुनांची दिली, आणि दूध पिऊन जाण्याचा आग्रह केला.

ता. २०

काल येथवर लिहून थांबलो. रात्रीच्या जेवणात लीलाने विचारले, "दादा, समदा इतिहासच लिवलासा, का म्होरलं बी काय लिवलं?" त्यामुळे पुढील मजकूर आज लिहिणे भाग आहे.

गेल्या गुरुवारी जिल्हा समितीचे तिघे येथे आले. तुमच्या नावाचीच विचारणा असणार, अशा समजुतीने मी तुमच्या नोकरीची, पदकांची आणि स्वभावाची सविस्तर शिफारस केली. त्यांनी चहा संपेपर्यंत सर्व ऐकून घेतले. मग त्यांच्यातले भाऊसो, जे पूर्वेकडच्या गावांचे काम पाहतात, ते खाली बघत म्हणाले, "आवं, पावण्यांचं समदं खरं हाय. पर आमी बाईंसाठनं आलोय."

लीला दाराआड होती. तिने तेथूनच उत्तर दिले की घरच्यांनी इच्छा धरली आहे, आपण त्यांच्या आड येणार नाही. मातोश्री मात्र माजघरातून म्हणाल्या, "जाऊ द्या की दिल्लीला. हितं तरी कवा घरात असती?" तिघेही हसले, विचार करून कळवा, असे सांगून गेले.

मी नंतर तिला एकटीला विचारले, तुझ्या मनात काय आहे. ती शेंगा निवडत होती. सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "मला जायाचं हाय, दादा. पर तेंच्यावर मात करून न्हाई." हे तुम्हाला कळवू नये, असे तिने स्पष्ट शब्दांत बजावलेले नाही, एवढाच माझा आधार.

एक गोष्ट लपवत नाही. तुम्ही उभे राहिलात तरी निवडून याल. लीला तुमच्यासाठी तितकीच फिरेल, आणि तुमचे भाषण ऐकून लोक तिच्याकडेच विचारायला येतील. म्हणून हा जागा हातची जाण्याचा प्रश्न नाही. ती कोणी मागावी, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मी सोडवू शकत नाही.

समितीची बैठक संक्रांतीनंतर आहे. त्यापूर्वी उत्तर यावे. मात्र ते मला नको. इतकी वर्षे घरची सर्व पत्रे तुम्ही मातोश्रींच्या नावे धाडलीत, ती रीत योग्यच होती. या खेपेस पाकिटावर तिचे नाव घाला, पूर्ण, आणि जे मनात असेल ते आत लिहा. 'नाही' असले तरी चालेल. ती ते मानील आणि यादीचे काम थांबवणार नाही. पण ते तिला तुमच्याकडून कळू द्या.

तुमचा नेहमीचा, आणि या एका बाबतीत आधी लीलाचा भाऊ,

मानसिंग