एक शिट्टी म्हंजी पळा

५ जानेवारी २०२६, सोमवार
आजपासून डायरी. बी-बियान्याच्या दुकानातून फुकट मिळाली. कुनीच वाचायची न्हाई.

रामहरी मुकादमानं आज मला बढती दिली. आतापर्यंत टोळीत मी पाडलेल्या झाडाच्या फांद्या ओढत हुतो. आता झाड पडायला लागलं की मी ‘आलं!’ म्हनून वरडायचं. म्हंजी अख्ख्या टोळीचा जीव माझ्या हातात. आमचा सुनीलदादा नागापूरला कंपनीत हाय, तिथं असल्या मानसाला सेफ्टी ऑफिसर म्हनत्यात. पांढरं हेल्मेट देत्यात.

रामहरी म्हनला, कल्यान, तुला फांदी तर उचलत न्हाई, निदान तोंड चालव. बोलायची पद्धत हाय त्याची.

६ जानेवारी
बेलापूरचं शिवार. बांधावरची निलगिरी. चार झाडं पाडली. पैल्या झाडाला आवाज निघालाच न्हाई. दुसऱ्याला निघाला पन फाटला, बोकडावानी. तिसऱ्याला हनुमंतमामानं ऐकलं आनि इचारलं, काय आलं? चहा? चवथ्याला झाड आधी पडलं, मग मी वरडलो.

केशरमामी म्हनली, झाड पडल्यावर काय त्याला श्रद्धांजली व्हातोस का रं? केशरमामी म्हंजी हनुमंतमामाची बायको. आधी तीच वरडायची. तिचा आवाज कॅनॉलच्या पल्याड जातो.

दोष माझा न्हाई. आसारामचं कटर मशीन चालू असलं की मानसाचा आवाज काय कामाचा? सिस्टीमच जुनी हाय.

७ जानेवारी, दुपार
जेवनाच्या सुट्टीत मोबाईलवर परदेशातले लाकूडतोडे बघितले. डोक्याला हेल्मेट, कानाला टोपडं, जाड प्यांट. आमच्यात सगळे चपलीवर. डोळ्यात भुसा जाऊ नये म्हनून आसाराम एक डोळा मिटून कटर चालवतो. मी चष्मा घाल म्हननार हुतो, तेवढ्यात तोच म्हनला, एक गेला तरी एक ऱ्हातोय की.

या मानसांचं अवघड हाय.

संकल्प केला. फर्स्ट एडची पेटी पायजे, धोक्यात जमायची ठरलेली जागा पायजे, आनि वरडायच्या जागी शिट्टी. आठ दिवसांत टोळी अपघातमुक्त. मंग नागापूरला अर्ज.

८ जानेवारी
राहात्याच्या बाजारातून शिट्टी आनली. स्टीलची. दुकानदारानं इचारलं, पीटीचे सर का? व्हय म्हनलो. न्हाई म्हनलं की जास्त बोलावं लागतं.

सिस्टीम अशी. एक शिट्टी म्हंजी पळा. दोन म्हंजी झाड खाली पडून बसलं, जवळ या. तीन म्हंजी कुनाला तरी लागलं. पळायला एकच ठेवली, कारन धोक्यात दुसरी वाजवायला टाइम कुठं असतो? लई इचार केलाय.

९ जानेवारी
मीटिंग घेतली. म्हंजी सकाळी सगळे चहा पीत हुते तवा कागद काढून वाचला. जरा हळू वाचला, घाईनं मानसं गोंधळत्यात. रामहरी म्हनला, काय पुटपुटतोस, झाडावर मंत्र मारतो का? केशरमामीनं इचारलं, यष्टीतल्या कंडक्टरवानीच ना रं? तवा सगळे माझ्याकडंच बघत हुते. कान गरम झाले. मी व्हय म्हनून मान हालवली. डिटेल कागदात हायच. कागद टेम्पोच्या फाळक्याला आतून चिकटवला, वाचनाऱ्यानं वाचावा.

सांजच्याला त्याच्यावर टेम्पोभर लाकूड रचलं. लाकडाला दुसरी जागाच नव्हती का?

१० जानेवारी
शिट्टीचा पैला दिवस. झाड हाललं, एक शिट्टी मारली. सगळे जागच्या जागी गप उभे. तसं पळायची गरज नव्हती, लांबच हुते सगळे. पन शिस्त बघा. सिस्टीम सक्सेस.

जमायची जागा पन ठरवली. कडंचा लिंब. पुठ्ठ्यावर ‘धोक्यात इथं जमा’ लिहून खोडाला बांधलं. अक्षर चांगलं आलं. जेवून आलो तर लिंब आडवा. रामहरी म्हनला, तो बी सौद्यात हुता. पुठ्ठा आसाराम बुडाखाली घेऊन बसला हुता.

कुनासाठी करतोय मी हे?

१२ जानेवारी
फर्स्ट एडची पेटी तयार केली. हळद, कापूस, बाम, चुना. दुपारपर्यंत चुना आसारामच्या तंबाखूत गेला. कापूस केशरमामीनं वातीला नेला. बाम रामहरीच्या कमरंला. हळद हाय.

मंग सराव घेतला. हनुमंतमामानं जखमी व्हायचं, बाकीच्यांनी उचलायचं. मामा म्हनला, हे काम मला जमंल. सावलीत आडवा झाला आनि खरंच झोपला. घोरायला लागला. मी हालवला तर म्हनला, जखमी मानसाला असं हालवत्यात का रं?

लई राग आला. तोंडानं काय बोललो न्हाई. डोळ्यानं बोललो.

१३ जानेवारी
१०८ ला काय बोलायचं ते पाठ केलं. ‘मी कल्यान बोलतोय. बेलापूर शिवार. कॅनॉलच्या कडंला. मानूस जखमी हाय.’ आरशाफुडं एकदम क्लियर येतं.

१४ जानेवारी
संक्रांत, सुट्टी. रामहरीच्या घरी गेल्तो. तिळगूळ हातावर ठिवून म्हनला, गोड न्हाई तर न्हाई, नुसतं बोल तरी. सगळी बायामानसं हसली. मी तिळगूळ खाल्ला आनि आलो.

१५ जानेवारी, दुपारी तीन
अक्षर वाकडं येतंय.

मोठी निलगिरी हुती. दोर कॅनॉलकडं ओढून धरला हुता, पन कापताना खोड फिरलं आनि झाड बांधाकडं कललं. बांधावरून हनुमंतमामा चालला हुता, पान्याचा कॅन घ्यायला. आसारामनं नुकतंच मशीन बंद केलं हुतं. मी शिट्टी मारली. एक. जोरात.

मामा थांबला. जागच्या जागी. मागं वळून बघाय लागला, टेम्पो मागं येतोय का काय ते.

मी आनखी वाजवनार हुतो पन दोनचा अर्थ येगळा हाय.

खोड मामाच्या फुडं पडलं. शेंड्याकडची फांदी पायावर बसली. नडगी मोडली.

१०८ मीच लावला. बाईंनी इचारलं, बोला, कुठून बोलताय? सगळं पाठ हुतं. तोंड उघडलं आनि हवा आली नुसती. बाई हॅलो हॅलो करत हुत्या. केशरमामी रडत हुती, तिनं फोन हिसकावला आनि रडता रडता सगळं सांगितलं, कोनता बांध, कोनता रस्ता, कुठं वळायचं. गाडी आली.

१६ जानेवारी
नीट इचार केला. चूक माझी न्हाई. एक शिट्टी म्हंजी पळा. कागदावर लिवलंय. मामा पळाला असता तर पाय मोडला नसता. मानसं कागद वाचत न्हाईत, मीटिंगमधी लक्ष देत न्हाईत, मंग असं हुतं. सुनीलदादाला फोनवर सांगितलं. तो म्हनला, तुझं ट्रेनिंग कमी पडलं. माझं? त्यांचं!

१७ जानेवारी
त्याच बांधावर फांद्या ओढत हुतो. मामाचा कॅन अजून तिथंच हाय. खोड त्याच्याच अलीकडं पडलंय. मामा जिथं थांबला तिथून तीन पावलं फुडं. मी तीनदा मोजली.

मामा पळाला असता तर फुडंच पळाला असता.

जेवन गेलं न्हाई.

१८ जानेवारी, रविवार
सगळी टोळी मामाच्या घरी गेल्ती. मामा खाटंवर, पाय पलास्टरमधी. भावकी बी जमलेली. मला बघून मामा उठायला लागला. सगळ्यांना सांगाय लागला, ह्या पोरानं वाचवलं मला. कंडक्टरवानी सिंगल मारली, मी कचकन ब्रेक मारला, आनि झाड ह्या इथं फुडं. केशरमामीनं माझ्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जन्मात कुनी मोडली नव्हती.

मी खाली बघत हुतो. बरं वाटत हुतं, खोटं कशाला लिहू?

मंग रामहरी म्हनला, ठरलं. उद्यापासून ह्योच नियम. एक शिट्टी वाजली की कुनी असू दे, जाग्यावर थांबायचं. आसाराम म्हनला, ब्येस.

मला दिसलं. उद्या झाड कलनार, मी एक शिट्टी मारनार, आनि आसाराम बरोब्बर झाडाखाली उभा ऱ्हानार. एका डोळ्यानं वर बघत.

उठलो आनि बोललो. बोकडाचाच आवाज निघाला पन मोठा निघाला, भाईर अंगनातल्या बाया आत डोकावल्या.

म्हनलो, मी थांबा न्हाई, पळा म्हनलो हुतो! एक म्हंजी पळा हुतं!

केशरमामीच्या हातात चहाचं ताट तसंच. मामा माझ्याकडं बघत ऱ्हायला. मंग पलास्टरकडं. मंग परत माझ्याकडं.

म्हनला, मंग बरं झालं बाबा, तू काय बोलतो ते कुनाला ऐकू येत न्हाई.