पालखीचा पहिला खांदा

३ मार्च, उदगीर
लातूरला जाऊन आलो. चालताना पोटरी आवळते म्हणून गुरम्माने ओढत नेलं. बायकोपुढे कोण बोलणार! डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणे पायाच्या नसा अरुंद झाल्यात, रक्त कमी पोचतं, त्यामुळे हाडाचंही पोषण होत नाही. खुब्याचं हाड ठिसूळ आहे. तंबाखू सोडा, रोज चाला. हाडाला रक्त! उद्या सांगेल, खांबाला पाणी घाला.

४ मार्च
उद्यापासून चालणार. डॉक्टरसाठी नव्हे. २५ला वीरभद्राची पालखी. पहिला खांदा आमच्या घराचा, थोरला म्हणून माझा. घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर मान चुलत घराला जातो, कायमचा. माझा धाकटा भाऊ शिवप्पा टपूनच बसलाय. पहाटे बूट घालून पळतो. धोतर नेसता येत नाही, म्हणे खांदा!

९ मार्च
चाललो. आपलं आडत दुकान ते चौक. पोटरी आवळली. थांबलो की दुखत नाही, म्हणजे दोष चालण्यात आहे, पायात नाही. टपरीवर बसून चिमूटभर तंबाखू. डॉक्टरने बंद केली ती घरातली.

१४ मार्च
सराव सुरू. तुरीचं कट्टं, भरलेलं पोतं, खांद्यावर घेऊन दुकानातल्या गादीवर बसलो. घामसुद्धा नाही. हमाल हसले. अडाणी. गुरम्मा म्हणाली, पालखी बसून न्यायची हाय का? बाईमाणसाला काय कळतं!

२१ मार्च
डावा पाय गार पडतोय. उन्हाळ्यात फायदाच. शिवप्पा आला. म्हणे अण्णा, औंदा खांदा मी धरतो, तुमी नुसतं म्होरं चाला. लबाड. हाकलला.

२५ मार्च, सकाळी
फेटा झकास. वाजंत्री देवळाकडे निघालीत. आज सगळ्यांची तोंडं बंद.

२६ मार्च, लातूर, दवाखाना
काल देवळाकडे निघायला दुकानातल्या गादीवरून उठलो, पाय बधिर, तिथंच कलंडलो. कपड्याला धूळसुद्धा नाही. खुबा मोडला.
पालखीचं काय झालं, विचारत राहिलो. शेवटी गुरम्माने सांगितलं. मी पोचलो नाही म्हणून माझ्या जागी शिवप्पा खांद्याला उभा होता. मी पडल्याचा निरोप ऐकला आणि दांडी सोडून पळत आला. माझं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसला. मान चुलत घरी गेला.
शिवप्पाला मूर्ख म्हणालो. म्हणताना रडू आलं. खुबा फार दुखतोय.