दारातली पनवती

कॅरी, गुरुवार, एप्रिल २००६

जिंकले बाई एकदाचे! एरिकच्या गावचा आइस हॉकी क्लब स्वीडनचा चॅम्पियन झाला आणि पाय माझे दुखतायत.

एरिक ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसतो. तिकडची संध्याकाळची मॅच इथे अमेरिकेत लंचला असते, ती तो इंटरनेट रेडिओवर ऐकतो. ऑक्टोबरात मी चहाचा मग घेऊन सहज त्याच्या दारात उभी राहिले आणि गोल झाला. नंतर पुन्हा एकदा तसंच. तेव्हापासून सीझनभर, मॅच असली की "प्लीज, दारात उभी राहा." एवढा पीएचडी झालेला माणूस!

आज फायनल. शेवटची काही मिनिटं, दोन-दोन बरोबरी. माझ्या डेस्कवरचा फोन वाजला म्हणून मी वळले, तर हा ओरडलाच, "हलू नकोस!" नाही हलले. चहा गार झाला. आणि गोल!

"हलू नका" हे नागपूरला घरीही ऐकलंय, पण ते बाकीच्यांसाठी असायचं. क्रिकेटमध्ये आपली विकेट पडली की दादा आधी मला दाराबाहेर काढायचा. "पनवती आहे ही." मी जायचेही मुकाट्याने. आतल्या आरड्याओरड्यावरून स्कोअर ओळखायचे. इतकं खरं का वाटायचं मला ते?

एरिकने लगेच वडिलांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. म्हातारबाबा रडत होते. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "थँक यू. पुढच्या सीझनलाही तिथेच आहेस ना?"

हो म्हटलं, काका. इथेच. दारात.