माझ्या खुर्चीवरची हजेरी

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून नवं आयुष्य. गोंदियाच्या कम्युनिटी कॉलेजात मोठ्या माणसांसाठीच्या कॉम्प्युटर क्लासला नाव टाकलं. दोन महिने, सोम, बुध, शुक्र, दुपारी दोन ते चार. वय त्रेपन्न, पण वर्गात सगळ्यात तरतरीत मीच. शिकवणाऱ्या रेणू मॅडम म्हणाल्या, अंकल, माउस को दबाओ मत, बस पकड़ो. हातात जोर आहे हे त्यांच्याही लक्षात आलं.

आमच्या दवनीवाड्याच्या बसस्टँडजवळची खोली ग्रामपंचायत ऑनलाइन सेवा केंद्रासाठी देऊन राहिली. अट एकच, ३१ डिसेंबरच्या आत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट दाखवा. त्याच खोलीसाठी गावातला दुलीचंदही खटपट करून राहिला म्हणे. करू दे बापडा.

संकल्प: एकही क्लास बुडवायचा नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सुकराम पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला. ‘ओमेश्वर ऑनलाइन सेवा केंद्र, प्रो. ओमेश्वर रहांगडाले.’ पिवळ्यावर लाल. बायको, तुलसा, म्हणाली, अजी, आधी शिका तर खरं! आमच्या घरात व्हिजन एकालाच आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ

सौंदडला बहिणीच्या गावची मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि आवतण आलं की जावंच लागते. नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्या, काऊन जी, आमच्या गावचे सिंगाडे गोड लागत नाहीत का? सुट्टीचा अर्ज लिहिला. तुलसाला म्हणलो, तू गोंदियाला नेऊन दे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मंडई झकास. बहीण खूश. जिलेबी जरा जास्त झाली.

तुलसाची परतीची बस साडेचारची होती, म्हणून ती वर्गात माझ्याच खुर्चीवर बसून राहिली. मॅडमनं विचारलं, कोणाच्या जागेवर? ही म्हणे, आमच्या घरच्यांच्या. त्यांचं नाव? आता आमच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्नातला उखाणा सोडला तर एकतीस वर्षांत हिनं माझं नाव घेतलं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, मग तुमचंच सांगा. हिनं सांगितलं, त्यांनी रजिस्टरात लिहिलं.

म्हणजे काम झालं! खुर्ची माझी, घर माझं, हजेरीही माझीच.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जाणारच होतो. शर्टही प्रेस केला होता. तेवढ्यात बकारामचा फोन, त्यांच्या गावची मंडई. चौथीपासूनचा दोस्त, नाही कसं म्हणायचं? तुलसाला पाठवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोट बिघडलं. सिंगाडे कच्चे होते. तुलसा गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तुलसा कणिक मळता मळता परातीच्या काठावर बोटं आपटून राहिली. विचारलं तर म्हणाली, टायपिंग. भाजी करपली. मी रागावलो नाही. म्हणलो, वहीत नीट लिहून ठेव, शेवटी मी एकदम वाचून घेईन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आतापर्यंत चौदा क्लास झाले. मी गेलो एकदा, माझ्यातर्फे तेरा वेळा. शंभर टक्के हजेरी! मॅडमनं असा विद्यार्थी पाहिला नसेल.

८ डिसेंबर, सोमवार

मंडया संपल्या. आता धानाची मळणी. उद्यापासून अभ्यास, पहाटे पाचला.

९ डिसेंबर, मंगळवार

थंडी फार आहे. पडल्या पडल्या मनात अभ्यास केला. कॉम्प्युटर समजायला कॉम्प्युटर लागतोच असं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळ

परीक्षा. नवा शर्ट घालून गेलो, डबा घेऊन तुलसाही सोबत. यादीत रहांगडाले सापडलं, पण त्याच्या आधी तुलसा. मॅडम म्हणाल्या, अंकल, आप तो एक ही दिन आए थे, आपकी सीट तो कब की आंटी को दे दी. मी म्हणलो, ती माझ्याकरता बसत होती! मॅडमला हसू आवरेना.

तुलसाला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मग सांगितलं कायले नाही? तर म्हणते, तुम्ही घरी होते कधी?

तिनं डबा माझ्या हातात दिला अन् दारापर्यंत गेली. तिथंच थांबली. दहावीच्या परीक्षेआधी लग्न झालं तिचं, त्यानंतर पेपर म्हणून हातात धरला नव्हता. म्हणलो, जा ना, भेतेस कायले? गेली.

दोन तास बाहेर उभं राहून मी पूर्ण पाठिंबा दिला. टेन्शनमध्ये डबा संपवला.

३० डिसेंबर, मंगळवार

निकाल. तुलसा पंच्याऐंशी टक्के. दुलीचंद नापास. खोली तुलसाला मिळाली.

दुलीचंद घरी येऊन पेढा खाऊन गेला. अभिनंदन वहिनी म्हणे. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. खोटं कायले लिहू, वाईट वाटलं. मग तुलसाकडे पाहिलं. ती सर्टिफिकेट पदराच्या टोकानं पुसून राहिली होती, धूळ नव्हती तरी. मग तेवढं वाईट वाटलं नाही.

सुकरामनं बोर्डावरच्या दोन्ही ‘ओमेश्वर’वर पिवळा मारून ‘तुलसा’ लिहिलं. रहांगडाले तसंच राहू दिलं. तेवढं क्रेडिट माझं.

९ फेब्रुवारी, सोमवार

केंद्रापुढे लाइन असते. म्हातारे लोक तिला मॅडम म्हणतात. मी खुर्च्या लावतो. व्यवस्थापन म्हणतात याला.

नव्या बॅचला नाव टाकायचं ठरवलं. फॉर्म तुलसानंच भरला. नावाच्या रकान्यात तिनं मला न विचारता खटखट माझं नाव टाइप केलं. पूर्ण, एकही चूक नाही. मी म्हणलो, आता घेतलंस ना नाव? ती लाजली. म्हणाली, बोटानं घेतलेलं चालते जी. पुढे व्यवसाय होता. मी म्हणलो, संचालक. तिनं ‘विद्यार्थी’ टाकलं.

क्लास पुढच्या सोमवारपासून. यावेळी एकही बुडवायचा नाही. फक्त रविवारी महाशिवरात्री, आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडची यात्रा. डोंगर चढून आल्यावर सोमवारी पाय दुखणारच. म्हणून पहिल्या दिवसाचा सुट्टीचा अर्ज आजच लिहून तुलसाकडे दिला.

तिनं परत केला. आता कागद घेत नाहीत म्हणते, अर्ज ऑनलाइन टाकावा लागते. कसा टाकायचा ते पहिल्याच क्लासमध्ये शिकवतात.